कांद्यांसकट आवाज

आमच्या घरात चार जण राहायचे: मी, बायको, मुलगी आणि एक पेटारा. वजनाप्रमाणे क्रम लावला तर पेटारा पहिला येईल. दुसरा नंबर कोणाचा हे मी लिहिणार नाही. मला अजून याच घरात जेवायचं आहे.

पेटारा म्हणजे गिटारचं कॅबिनेट. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर कानाशी डास गुणगुणावा एवढाच आवाज येतो. त्या डासाला अँप्लिफायर ताकद देतो आणि ही ताकद ज्या लाकडी पेटाऱ्यातल्या स्पीकरमधून बाहेर पडते, तो पेटारा तिला स्वभाव देतो. तीच गिटार, तोच अँप. पेटारा बदला, की वाजवणारा माणूस बदलल्यासारखं वाटतं. आमचा पेटारा माझ्या कमरेएवढा उंच, पाठीमागून उघडा आणि आडदांड. बायको त्याला 'ते धूड' म्हणायची.

हे धूड माझ्या मित्राने स्वतःच्या हाताने बनवलं होतं. मित्र मूळचा नांदगावकडचा. दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारवर. मी तेव्हा पंचविशीत होतो, केस खांद्यापर्यंत होते (आता कानापर्यंतही नाहीत), आणि माझ्याकडे गिटार होती पण ती ज्यातून वाजवावी असं काही नव्हतं. एके दिवशी त्याच्या कारखान्यात परदेशातून एक मशीन आलं. सगळा कारखाना मशीन बघत होता आणि हा पठ्ठ्या मशीनच्या पॅकिंगचं प्लायवूड बघत होता. साहेबांना विचारून त्याने ते घरी आणलं, महिनाभर करवत चालवली, जुन्या लाउडस्पीकरचे दोन बारा इंची स्पीकर बसवले आणि समोरून काळी रंगवलेली मच्छरदाणी ताणून लावली. आजही आत डोकावलं तर लाकडावर पॅकिंगवाल्यांनी छापलेली 'पावसापासून जपा'वाली छत्री दिसते. उलटी.

"छत्री उलटी झाली रे," मी तेव्हा म्हणालो होतो.

"तू कुठं पावसात वाजवणारे? वाजव," तो म्हणाला.

मी वाजवली. पहिल्याच सुरावटीत त्याच्या आईच्या फळीवरची दोन पातेली खाली आली आणि आम्ही दोघं आनंदाने नाचलो.

मग हा पेटारा टेम्पोत बसून जिल्हाभर हिंडला. हळदीचे कार्यक्रम, गणपती, वणीला गडाच्या पायथ्याशी जागरणं. वणीलाच एकदा टेम्पोतून त्याला एकट्याने उतरवायचा पराक्रम मी केला आणि पाठीतून कडकन आवाज आला. डॉक्टर म्हणाले, "यापुढे चमच्यापेक्षा जड काही उचलायचं नाही." तेव्हापासून पेटारा घराबाहेर पडला नाही. कार्यक्रमाला मी भाड्याचं सामान वाजवायचो आणि घरी गुरुवारी मित्र आला, की आम्ही दोघं आतल्या खोलीत त्याच्यासमोर बसून सराव करायचो.

आता कांद्यांकडे येतो. बायको चांदवडची. दर मे महिन्यात माहेरचे उन्हाळ कांदे गोणीतून येतात. कांद्याला काय लागतं? कोरडी जागा, खेळती हवा आणि ऊन नको. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिने माझ्या पेटाऱ्याच्या उघड्या पाठीकडे बघितलं आणि एका नजरेत त्याचं खरं जीवितकार्य ओळखलं. स्पीकरच्या मागे जाळी ठोकून घेतली आणि कांदे भरले. मी नाटकी आवाजात म्हणालो, "हे वाद्य आहे!" ती म्हणाली, "मग वाजवा की. कांदे काय तुमचा हात धरतात?"

तिचं बरोबर होतं. पुढे वीस-बावीस वर्षं कांदे आणि मी एकाच पेटाऱ्यात सुखाने नांदलो. पेटारा अजून बाहेर हिंडत होता तेव्हा, नांदगावच्या एका लग्नासाठी तो रिकामा करताना एक कांदा आत राहिला होता. ऐन रंगात आलेल्या गाण्यात तो टुणकन बाहेर येऊन स्टेजवरून नवरीच्या मामाच्या पायाशी गेला. मामाने तो उचलून नमस्कार करून खिशात टाकला.

आणखी एक गोष्ट इथेच कबूल करून टाकतो, कारण पुढे ती माझ्या अंगावर येणार आहे. माझा एक सिद्धांत होता. या पेटाऱ्याचा आवाज वर्षभर सारखा नसतो हे मला फार पूर्वीच जाणवलं होतं. मे-जूनपासून तो घट्ट, गोलसर होतो आणि नवरात्र आलं की एकदम मोकळा, उघडा वाजू लागतो. मी ऑर्केस्ट्रातल्या नव्या गिटारवाल्यांना डोळे मिटून सांगायचो, "लाकूड श्वास घेतं. पावसाळ्यात ते हवेतली ओल पितं, आश्विनात सोडतं. कान तयार असेल तर ऐकू येतं." पोरं माना डोलवायची. एकाने तर वहीत लिहून घेतलं होतं.

गेल्या वर्षी आम्ही रो-हाउस विकून लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घ्यायचं ठरवलं. बायकोचे गुडघे आणि माझी पाठ यांचं या बाबतीत एकमत झालं. बायकोने दोन याद्या केल्या: 'न्यायचं' आणि 'नाही न्यायचं'. दुसऱ्या यादीत पहिल्या ओळीला लिहिलं होतं: ते धूड.

मी छातीला हात लावून सोफ्यावर कोसळलो. घरात कोणीही उठून पाणी आणलं नाही. त्यांना सवय आहे.

मुलगी तेव्हा रजा घेऊन घरी आली होती. पुण्यात नोकरी करते, संगणकावर आवाजाचंच काम आहे आणि जूनभर तिने घरून काम केलं होतं. ती म्हणाली, "बाबा, रडू नका. मी जूनमध्येच तुमच्या कॅबिनेटचा ठसा घेऊन ठेवलाय."

"कसला ठसा? अंगठ्याचा?"

"तसंच समजा."

मग तिने मला समजावलं. जूनमध्ये तिने पेटाऱ्यासमोर माईक लावला आणि त्याच्यातून एक लांब शिट्टी वाजवली. अगदी खालच्या घुमणाऱ्या आवाजापासून सुरू होऊन वर वर चढत कुत्र्यांनाच ऐकू येईल अशा टोकापर्यंत. काय पाठवलं हे संगणकाला माहीत असतं, काय बाहेर आलं हे माईक ऐकतो. बाहेर आलेल्यातून पाठवलेलं वजा केलं, की उरतो तो निव्वळ पेटारा. लाकूड, स्पीकर, मच्छरदाणी, सगळं. त्याची एक फाइल होते, आपल्या फोनमधल्या एका फोटोहूनही लहान. पुढे कधीही, कुठेही गिटार संगणकाला जोडा. ती फाइल मध्ये घातली, की त्याच पेटाऱ्यातून वाजल्यासारखी वाजते.

"फोटोला हळद लावून लग्न लागतं का?" मी विचारलं.

"माईकची जागा मी खडूने आखून ठेवलीय, पट्टीने मोजून," ती म्हणाली. "बोटभर सरकला तरी आवाज बदलतो म्हणून. तुम्हाला फरक ओळखू येणार नाही, बाबा."

मी उभा राहिलो. अशा वेळी बसून बोलणं मला जमत नाही. तुझा ठसा एका जागेचा, एका पातळीचा, मी म्हणालो. मी जोरात वाजवलं तर स्पीकर कण्हतो, दमतो, चिडतो. तुझी फाइल चिडते का? आणि समोर उभं राहिल्यावर पँट फडफडते, ती कुठून आणणार?

"चिडण्याचं तुमचं खरं आहे, ते ठशात नीट येत नाही," ती शांतपणे म्हणाली. "पँटही नाही फडफडणार. पण कार्यक्रमात लोक पेटारा थोडाच ऐकतात? त्याच्यासमोरच्या माईकने जे ऐकलं ते ऐकतात. तेवढं मी हुबेहूब देते."

इथे बायको भाजी निवडता निवडता मध्ये पडली आणि निकाल कसा लावायचा ते तिने ठरवलं. पेटारा ज्याने बनवला त्या भावजींना बोलवायचं. दोन्ही आवाज न सांगता ऐकवायचे. त्यांनी खरा पेटारा ओळखला तर धूड नव्या घरी येईल. नाही ओळखला तर कुणातरी मंडपवाल्याला देऊन टाकायचा. मी टाळी दिली. ज्याने करवत चालवली त्याला आपलं लेकरू ओळखू येणार नाही? मी जिंकल्यातच जमा होतो.

परीक्षा ठरली नवरात्रातल्या रविवारी. घट आतल्या खोलीत बसलेले, पेटाराही आतल्या खोलीत. मुलीने सकाळीच त्याचं रेकॉर्डिंग उरकलं, म्हणजे दुपारी भिंतीआडून आवाज फुटून कळायला नको. खडूच्या खुणेवर माईक लावला, जूनमध्ये माझी गिटार थेट संगणकाला जोडून घेतलेला एक तुकडा पेटाऱ्यातून वाजवला आणि टिपून घेतला. माईकही तोच आणि खोलीही तीच. बायको समईवर हात धरून बसली होती. "देवीचा दिवा विझला तर तुम्ही आणि धूड दोघंही बाहेर." दिवा विझला नाही. तोच तुकडा मुलीने जूनच्या ठशातूनही काढला.

दुपारी मित्र आला. निवृत्त झालाय, दाढी पांढरी, पण कपड्याला कडक इस्त्री. स्वतःच्या परीक्षेला जावं तसा आला. हॉलमध्ये दोन छोटे स्पीकर, समोर आम्ही दोघं. मी त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं.

"डोळे कशाला बांधतो? मी कानानं ऐकणारे."

"शोभा येते."

मुलीने पहिला आवाज ऐकवला. घट्ट, गोल, ओळखीचा. मग दुसरा. मोकळा, थोडा बोडका. परत पहिला, परत दुसरा.

मित्राने उपरणं काढलंही नाही. "पहिला माझा," तो म्हणाला. "चार महिने दर गुरुवारी हाच ऐकतोय. दुसऱ्यात जीव नाय. रिकामा डबा वाजवल्यासारखा वाजतोय."

"पहिलाच!" मी मांडीवर थाप मारून ओरडलो.

मुलीने आमच्याकडे बघितलं. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता; ती चक्रावली होती. "काका," ती हळूच म्हणाली, "पहिला संगणकाचा आहे. दुसरा खरा पेटारा."

मला वाटलं होतं मी फार मोठं काहीतरी बोलेन. त्याऐवजी मी त्याच्याजवळ सरकलो, कारण मित्राने उपरणं काढलं तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. तो उगाचच उपरण्याची घडी घालत राहिला. "माझ्या हातचा खोका," तो म्हणाला, "आन् मलाच वळखू आला नाय."

"भावजी, चहा टाकते," बायको म्हणाली. तिलाही आता निकाल नको झाला होता.

"थांबा वहिनी." तो उठला. फिटरच तो, यंत्र चुकीचं वाजलं तर आधी यंत्राकडे जायचं, हिशेब नंतर. डोक्यावर रुमाल टाकून आतल्या खोलीत गेला, घटाला नमस्कार केला, पेटाऱ्यापाशी उकिडवा बसला आणि मधल्या बोटाच्या पेराने त्याच्या कडेला ठोकलं. टक. दुसरीकडे ठोकलं. टक. मग पाठीमागे हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला लालसर, कागदासारखं एक साल चिकटलं होतं.

"वहिनी," त्याने विचारलं, "यातले कांदे कुठं गेले?"

"गच्चीवर. पत्र्याखाली पसरलेत. घटाच्या खोलीत कांदा कसा ठेवायचा? दरवर्षी काढते."

मग मुलगी एकदम खाली बसली आणि हसायला लागली. ती हसता हसता बोलत होती म्हणून आम्हाला तुकड्यातुकड्यांत समजलं. जूनमध्ये तिने ठसा घेतला तेव्हा पेटारा गळ्यापर्यंत भरलेला होता. मागची उघडी पोकळी कांद्यांनी अडवलेली आणि लाकडावर त्यांचा भार. तिच्या संगणकाला कुठे माहीत, की कांदा हा वाद्याचा भाग नसतो? त्याने लाकूड, स्पीकर, मच्छरदाणी आणि चांदवडचे उन्हाळ कांदे असं सगळं इमानाने टिपून घेतलं होतं. आणि आम्ही दोघं गेले चार महिने तोच, कांद्यांसकटचा आवाज ऐकत होतो.

"म्हणजे मी पहिला म्हनलो ते बरोबर," मित्र म्हणाला. त्याचा चेहरा परत जागेवर आला.

"दरवर्षी काढतेस?" मी बायकोला विचारलं. "दर नवरात्रात?"

"बावीस वर्षं. का?"

मी खांबाला टेकलो. माझ्या डोळ्यांसमोरून आश्विन महिना, ओल सोडणारं लाकूड आणि तो वहीत लिहून घेणारा मुलगा एका रांगेत जात होते.

"बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "लाकूड श्वास घेतं ना?"

निकाल रद्द झाला. फेरपरीक्षा घ्यायची तर कांदे पेटाऱ्यात परत भरायला हवे होते आणि बायको ठाम होती. घट उठल्याशिवाय त्या खोलीत कांदा येणार नाही. देवीसमोर ध्वनिशास्त्र चालत नाही. मुलीने रजा वाढवली. मित्र रोज सकाळी फोन करायचा. 'हॅलो' नाही, 'कसा आहेस' नाही. "उठले का घट?"

"अरे, दसऱ्याला उठतात. तू काय आज जन्मलास?"

"इचारलं फक्त."

दसऱ्याच्या सकाळी घट उठले. मी गिटारची आणि पेटाऱ्याची पूजा केली, झेंडूचा हार घातला. माझ्या मनात तो निरोपाचाच हार होता. मग चौघं गच्चीवर. मित्र टोपली भरायचा, मुलगी उतरवायची, मी चमच्यापेक्षा हलके कांदे दोन-दोन करून आणायचो आणि बायको पेटाऱ्याच्या दाराशी बसून एकेक कांदा दाबून बघून आत सोडायची. "हा मऊ आहे. हा नको."

"आई, आवाजासाठी चालेल तो."

"चालेल तुमच्या आवाजाला. शेजारचे चार नासवील."

पेटारा जूनइतका भरला नाही, तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून आणखी आणवले. मुलीने माईक खुणेवर लावला. तोच तुकडा वाजला. मित्र पुन्हा हॉलमध्ये बसला आणि या वेळी उपरणं त्याने स्वतःच मागून घेतलं.

पहिला. दुसरा. पहिला. दुसरा. त्याने मान तिरकी केली, ओठ आवळले, तीनदा परत ऐकवायला लावलं. मीही ऐकत होतो. खरं सांगतो, कारण इथे खोटं बोलण्यात मजा नाही: मला काही म्हणता काही फरक कळला नाही. जुळ्या बहिणींनी एकच साडी नेसून समोरून जावं तसं.

"सारखंच हाय," मित्र शेवटी म्हणाला. उपरणं काढून तो मुलीकडे बघून हसला. "पोरी, तू जिंकली. लय बारीक काम केलंस. कुठं टाका दिसत नाय." आणि मग मुलीने मान खाली घातली, जशी ती लहानपणी बक्षीस घेताना घालायची.

म्हणजे पेटारा गेला. मी दिलेला शब्द होता. मी उठलो, पेटाऱ्यासमोर उभा राहिलो, घसा खाकरला आणि निरोपाचं भाषण सुरू केलं. परदेशी मशीनपासून सुरुवात केली, पातेल्यांवर आलो, वणीच्या पायथ्याशी माझा आवाज खरंच भरून आला आणि मी थांबलो. मित्र हारातली पिवळी फुलं उगाच सारखी करत होता.

"झालं?" बायकोने विचारलं. तिच्या मांडीवर दोन्ही याद्या होत्या. "आता मला एक सांगा. नव्या घरी कांदे कुठे ठेवायचे?"

"जाळीच्या टोपल्या मिळतात की, आई," मुलगी म्हणाली.

"मिळतात. बघितल्यात मी." ती यादीकडेच बघत होती. "यात बावीस वर्षांत कधी कांदा सडला नाही. संगणकात कांदे राहतात का तुझ्या?"

"नाही राहत," मुलगी म्हणाली आणि माझ्याकडे बघून पटकन तोंड फिरवलं.

बायकोने दुसऱ्या यादीतली पहिली ओळ खोडली. पहिल्या यादीत, पिठाच्या डब्यानंतर आणि खलबत्त्याच्या आधी, तिने लिहिलं: कांद्याचं कपाट.

जाळीची टोपली पेटाऱ्याच्या दहाव्या हिश्शाएवढी जागा खाते, हे त्या खोलीत चौघांनाही माहीत होतं. मित्र एवढंच म्हणाला, "वहिनी, उचलायला मी येतो. याला धरू देऊ नका."

आता आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत. पेटारा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी उभा आहे. कार्यक्रमाला मी मुलीने दिलेला ठसा वापरतो. माझ्या गिटारच्या बॅगेत, किल्ल्यांच्या जुडग्याहून लहान यंत्रात तो बसलाय. वणीला यंदा मी हात हलवत गेलो आणि हात हलवत आलो. स्टेजवर मी डोळे मिटतो आणि तोच आवाज येतो, घट्ट, गोल, कांद्यांसकट. लग्न माघातलं असो, की गणपती भाद्रपदातले, त्या ठशात कायम जून असतो. पेटारा गळ्यापर्यंत भरलेला असतो आणि त्यातला एकही कांदा कधी चिरला जात नाही.

घरी मात्र गुरुवारी मित्र आला, की आम्ही ड्राय बाल्कनीत दोन स्टुलं टाकून खऱ्या पेटाऱ्यासमोर बसतो. गणपती होऊन आठ दिवस झाले असतील. मी एक सूर छेडला आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. मित्राने पेटाऱ्याच्या कडेला पेराने ठोकलं. टक.

"अगं," मी आत ओरडलो, "कांदे निम्म्याखाली गेलेत. चांदवडला फोन कर."

ती हात पुसत आली, जाळीतून वाकून बघितलं आणि चार कांदे काढून घेतले. संध्याकाळी भजी करायची होती.

"आता वाजवा," ती म्हणाली. "आणखी चार कमी केलेत. ओळखा बघू."